पंचविसावी सरी

१

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता सलोनी मॅडमचा फ्लोचार्ट भर सभागृहात फसला. नुसता फसला असता तर एवढं काही नव्हतं. तो यवतमाळहून स्पर्धेसाठी आलेल्या साहेबांच्या डोळ्यांदेखत फसला, आणि आठवी-नववीची सव्वाशे पोरं पोट धरधरून हसली.

फ्लोचार्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एखादं काम कसं करायचं ते पायरीपायरीनं चितारायचं. काम असेल तिथं चौकोन, प्रश्न असेल तिथं शंकरपाळ्याचा आकार, आणि एकातून दुसऱ्यात जायला बाण. शंकरपाळ्याला उत्तरं दोनच, हो किंवा नाही. वाचणाऱ्यानं आपली अक्कल चालवायची नाही, बाण नेईल तिकडे मुकाट जायचं.

सलोनीचा चार्ट दाराएवढ्या पांढऱ्या प्लायवूडवर होता, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी कसं द्यावं याचा. चौकोनांतली अक्षरं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून चिकटवलेली, बाण लाल टेपचे. वरून खाली असा क्रम: पंपात पाणी भरा, पहिल्या सरीवर या, मोटार चालू करा. मग विजेचा शंकरपाळा, लाईन आहे का? नसेल तर थांबा, आणि लाईन आली की बाण परत ‘मोटार चालू करा’वर. असेल तर पुढचा शंकरपाळा, सरी भरली का? भरली की पुढच्या सरीवर जा. पंचवीस सऱ्या भिजल्या की शेवट.

चार्ट तपासायला साहेबांनी डब्यातून ‘लाईन आहे’, ‘लाईन गेली’, ‘सरी भरली’ अशा चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली; निघेल ती चिठ्ठी म्हणजे शंकरपाळ्याचं उत्तर. पहिली सरी भरली, दुसरी भरली, तिसरीला चिठ्ठी निघाली ‘लाईन गेली’. सलोनी काठी घेऊन बाणामागे निघाली आणि बाण तिला ‘मोटार चालू करा’वर न नेता थेट वर घेऊन गेला, ‘पंपात पाणी भरा’वर. तिथून खाली ‘पहिल्या सरीवर या’. म्हणजे पुन्हा पहिली सरी. पुन्हा दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा लाईन गेली, पुन्हा पहिली. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ‘भरली पहिली सरी’ म्हणून ओरडलं आणि सभागृह फुटलं.

साहेब माणूस मिश्कील होता. म्हणाला, मॅडम, तुमच्या वावरात पहिल्या सरीत म्हशी डुंबतील आणि पंचविसाव्या सरीत धूळ उडेल. मंगळवारपर्यंत दुरुस्त करून फोटो पाठवा, नाहीतर शाळेचं नाव स्पर्धेच्या यादीतून काढतो.

सलोनीच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. ती एवढंच म्हणाली, “हा बाण माझा नाही.”

तिचा आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्या स्टाफनं ऐकला. आणि मग एकेक मान वळली ती उज्ज्वला चव्हाणकडे.

२

वळणारच. उज्ज्वला सलोनीवर जळते हे फुलसावंगीच्या रस्त्यावरच्या त्या शाळेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अकरा वर्षं उज्ज्वला तिथं संगणक शिकवत होती. लॅबच्या खिडकीच्या जाळीपासून पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत सगळं तिनं भांडून भांडून मिळवलेलं. फ्लोचार्ट तर तिचा जीव की प्राण. पोरांना ती चहा करण्यापासून तिकीट काढण्यापर्यंत सगळं शंकरपाळ्यांत बसवून दाखवायची. आणि जूनमध्ये पांढरकवड्याहून ही सव्वीस वर्षांची सलोनी येते काय, आल्या आल्या मुख्याध्यापक सदाशिवराव फ्लोचार्टची जिल्हा स्पर्धा तिच्या हाती देतात काय. जिंकेल तो जिल्हाभर शिक्षकांना शिकवत फिरणार होता. उज्ज्वलाला वाटलं, कौतुकाची पाळी नेमकी आपल्यापाशी येते आणि लाईन जाते.

ती जळत होती, आणि जळताना माणूस काय काय करतं त्यातल्या दोन गोष्टी तिनं केल्या होत्या. एक घरी. महिन्याभरापूर्वी तिच्या वडिलांचा, तांड्यावरून डोंगरसिंगचा, फोन आला. म्हाताऱ्यानं विचारलं, तो मोठा चार्ट कोणाचा जाऊन राह्यला यवतमाळले? तिच्या तोंडून निघून गेलं, “माझाच, बा.” म्हातारा इतका हरखला की खरं सांगायची सोय उरली नाही.

दुसरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. बुधवारी सलोनीनं चार्टचा कच्चा आराखडा स्टाफरूममध्ये दाखवला तेव्हा त्यातली एक चूक उज्ज्वलाला पाहताक्षणी दिसली होती. उघड्या विहिरीवरचा जुना पंप लाईन जाऊन बंद पडला की आतलं पाणी सोडून देतो. लाईन आल्यावर आधी त्यात पाणी भरावं लागतं. तसंच चालू केलं तर मोटार कोरडी फिरते आणि जळते. सलोनीचा बाण ‘मोटार चालू करा’वर जात होता, म्हणजे पहिल्याच दिवशी मोटार खाक. उज्ज्वला तांड्यावर असल्याच विहिरीच्या थारोळ्यातल्या पाण्यात खेळून वाढलेली. तिनं चूक पाहिली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, “छान झालंय.” जळू दे तिची मोटार, असं मनात म्हणाली.

साहेब गेल्यावर सदाशिवरावांनी तिला ऑफिसात बोलावलं. शुक्रवारी तीनला गणिताच्या गोपाल सरांनी चिठ्ठ्या टाकून चार्ट चालवून पाहिला होता, तेव्हा पंचवीसच्या पंचवीस सऱ्या भिजल्या होत्या. म्हणजे बाण त्यानंतर फिरला. चार्ट रात्रभर लॅबमध्येच होता; पाचला लॅबला कुलूप लावलं उज्ज्वलानं, शनिवारी सातला उघडलं उज्ज्वलानं, आणि कुलूप जसंच्या तसं. सदाशिवराव ओरडले नाहीत, ते ओरडत नसत.

“सोमवारी अकराला स्टाफ मीटिंग आहे. त्यात मला उत्तर पाहिजे. नाही मिळालं तर लॅबचा चार्ज सलोनी मॅडमकडे, आणि तुमच्या सर्व्हिस बुकात नोंद.”

अकरा वर्षांत कमावलेली ती एकच खोली होती तिची, आणि तिची किल्ली आता सलोनीच्या हाती जाणार होती.

३

उज्ज्वला लॅबमध्ये गेली, जुन्या हजेरीपटाचं कोरं पान उलटं केलं आणि सवयीनं शंकरपाळा काढला. पहिला प्रश्न लिहिला: सलोनीवर जळतं कोण?

आणि निघाली विचारत. चित्रकलेच्या शीला मॅडम पुसदच्या. अक्षरं आणि बाण त्यांच्याच हातचे, तेव्हा बिघाडाचं दुःख त्यांना सलोनीपेक्षा जास्त. कुणावर जळायला त्यांना फुरसत नव्हती. त्या दोन वर्षांनी निवृत्त होऊन नातवाकडे नागपूरला जायचं दिवसातून तीनदा सांगत. गोपाल सरांना विचारलं तर ते म्हणाले की मला तर बरंच झालं, स्पर्धेची कटकट माझ्या गळ्यात पडली नाही. वर हेही म्हणाले, “मॅडम, राग मानू नका, पण जळणारं माणूस या शाळेत एकच आहे.” आणि हसले.

हसण्यासारखं काय होतं त्यात, ते गोपाल सरांनाच ठाऊक. उज्ज्वलाला मात्र झोंबलं, कारण हजेरीपटावरचा शंकरपाळा तेच सांगत होता. गोपाल, नाही. शीला, नाही. लखन, शाळेचा शिपाई, नाही. ‘हो’च्या बाजूला नाव एकच येत होतं, तिचं स्वतःचं.

ती परत शीला मॅडमना घेऊन चार्टसमोर उभी राहिली. म्हणाली, तुमचा हात आणि परका हात, फरक सांगा. शीला मॅडमनी चष्मा वर केला आणि नाक जवळजवळ प्लायवूडला लावलं. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

त्यांचा प्रत्येक बाण कात्रीनं कापलेला, कड सुरीसारखी. नव्या बाणाचं टोक मात्र ताणलेलं, चुरगळलेलं, त्यावर दोन बारीक खळगे. कात्री तर टेपच्या शेजारीच ठेवलेली होती, शुक्रवारभर.

“हे दातानं तोडलंय,” शीला मॅडम म्हणाल्या. “वायरमन लोक तोडतात तसं.”

शाळेत वायरिंगचं काम करणारा माणूस एकच होता, लखन. आणि उज्ज्वला काही बोलायच्या आत शीला मॅडम ते सदाशिवरावांना सांगायला निघाल्यासुद्धा.

४

लखन कंत्राटी शिपाई. त्याला काढायला एक फोन पुरे. सदाशिवरावांनी त्याला दुपारीच सांगून टाकलं की सोमवारी तुझ्यावर निर्णय होईल.

आता उज्ज्वलाला गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. संशय आपोआप दुसऱ्याच्या दारात गेला होता. खरं सांगायचं तर घटकाभर तिला हलकं वाटलं. मग ती त्या चार्टपुढे एकटीच बसून राहिली आणि तिला काहीतरी खटकायला लागलं.

ज्याला बिघडवायचं असतं तो टेप ओरबाडतो. नाहीतर बाण भलतीकडे फिरवतो, ‘शेवट’वर नेतो, मोकळा सोडतो. या माणसानं जुनी टेप हळूच सोडवली होती, खालचा डिंक ओल्या कपड्यानं पुसला होता, नव्या बाणाला काटकोनात वळण दिलं होतं. आणि बाण नेला होता ‘पंपात पाणी भरा’वर. बरोबर तिथंच, जिथं तो असायला हवा हे उज्ज्वलाला बुधवारी दिसलं होतं.

तिनं हजेरीपटावरचा पहिला प्रश्न खोडला. त्या जागी लिहिलं: बिघडवलं की सुधारलं?

आणि सगळा कागदच उलटा झाला. हे जळक्या माणसाचं काम नव्हतं. चूक पाहून ज्याला राहवलं नाही अशा माणसाचं होतं. मग दुसरा प्रश्न: जुन्या पंपाचं पाणी उतरतं हे कुणाला माहीत? गोपाल सरांच्या शेतात बोअर, मोटार पाण्यात बुडालेली, तिला वरून पाणी भरायचा प्रश्न येत नाही. सदाशिवरावांच्या शेतीचंही तेच, आणि बटण दाबायला सालगडी. शीला मॅडमनी शेत पाहिलं ते चित्रात. लखनचं घर गावठाणात, बाप बँडवाला, वितभर वावर नाही. टेप तो दातानं तोडेल, पण पंपाचं त्याला काय ठाऊक?

राहिला तिसरा प्रश्न, आणि तो सगळ्यात बोलका होता. ज्यानं बाण वर नेला त्याला हे दिसलं नाही की ‘पंपात पाणी भरा’च्या लगेच खाली ‘पहिल्या सरीवर या’ आहे. वावरात उभा माणूस पंपात पाणी भरतो आणि आपसूक सोडल्या सरीवर परत जातो, त्याच्या पायाला ते पाठ असतं. फ्लोचार्टला पाय नसतात. म्हणजे या माणसाला पंप कळत होता, फ्लोचार्ट कळत नव्हता. शाळेत असा एकही माणूस नव्हता.

मग बाहेरचा. पण बाहेरचा माणूस लॅबमध्ये आला कसा? साडेतीन ते पाच उज्ज्वला शिष्यवृत्तीचे फॉर्म द्यायला महागावला गेली होती, आणि किल्ली ठेवली होती लखनपाशी.

लखन सायकलच्या स्टँडपाशी उकिडवा बसला होता. तिनं विचारलं, शुक्रवारी लॅबमध्ये कोण आलं होतं? त्यानं आधी इकडे तिकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, म्या कोणालेच नाई सांगतलं. मले काढलं तरी नाई सांगत.”

“काय नाही सांगत?”

“तुमचे बाबा आलते. चार वाजता. पोरीचा चार्ट पाहाचा हाये म्हणे. म्या उघडून देलं, अन् मंग घंटी द्याले गेलो.”

५

रविवारी सकाळी उज्ज्वला तांड्यावर गेली. आई, लालीबाई, लग्नाला दिग्रसकडे गेली होती. बा वावरातच होता, विहिरीच्या काठावर. दिवसाच्या लाईनीचा आठवडा होता, म्हणजे शेतीला वीज रात्रीऐवजी दिवसा. मोटार चालू होती आणि पाणी सऱ्यांतून पुढं सरकत होतं.

तिला काही विचारावंच लागलं नाही. म्हाताऱ्यानं लांबूनच हाक दिली, पहिला नंबर आला का? आणि मग स्वतःहूनच सांगत सुटला. शुक्रवारी फुलसावंगीच्या बाजारात गेलतो, वाटलं पोरीचा चार्ट पाहून जावं. शिपाई मोठा भला, त्यानं कुलूप काढून देलं. सगळा वाचला म्या, बोट ठेवू ठेवू. एवढा मोठा चार्ट माह्या पोरीनं केला, म्हणून छाती भरून आली. अन् मंग थो बाण पाह्यला.

“लाईन गेल्यावर पाणी न भरता मोटार चालू केलती तू, माय. साहेबानं पकडलं असतं तं? इतक्या वर्साची तुही मेहनत. टेप तिथंच होती, म्या दुरुस्त करून टाकलं. तुले फोन नाई केला, म्हटलं घाबरशीन.”

बोलता बोलता स्टार्टरच्या वायरचा सांधा उघडा पडलेला त्याला दिसला. त्यानं खिशातून टेप काढली, गुंडाळली आणि दातानं कचकन तोडली.

उज्ज्वलाला सांगायचं होतं. चार्ट माझा नव्हताच, बा. हे चार शब्द तिनं घरून निघाल्यापासून घोकले होते. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर असा काही आनंद होता की तिची जीभ उचलेना. ती म्हणाली, उद्या अकराला शाळेत या, सर बोलावतायत. त्याला वाटलं सत्कार आहे. त्यानं विचारलं, पागोटं नवं बांधू का?

ती हो म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिकिटाचे सुटे पैसे घ्यायचंही भान राहिलं नाही.

६

सोमवारी अकराला स्टाफरूममध्ये सगळे जमले. सदाशिवराव टेबलाशी, शेजारी शीला मॅडम आणि गोपाल सर. सलोनी खिडकीपाशी, हाताची घडी घालून. दाराजवळ लखन उभा, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर पांढरंशुभ्र धोतर आणि लाल पागोटं घालून डोंगरसिंग. हे कोण आणि कशाला, असं सदाशिवरावांनी नजरेनंच विचारलं. उज्ज्वला म्हणाली, शेवटी कळेल.

ती फळ्यापाशी गेली आणि एकेक शंकरपाळा काढत गेली. बिघडवलं की सुधारलं? पुसलेला डिंक, काटकोनातलं वळण, सगळं तिनं सांगितलं, जुन्या पंपाचं पाणी कसं उतरतं ते समजावलं. गोपाल सरांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी तीनदा चार्ट चालवला होता आणि मोटार जळेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग तिनं जुना पंप कुणाकडे आहे ते विचारलं आणि एकेक नाव कटवलं. लखनचं नाव कटवलं तेव्हा दारापाशी त्यानं मोठा श्वास सोडला.

“पण पंपाचं तुम्हालाही माहीत होतं,” सदाशिवराव म्हणाले.

“होतं, सर. बुधवारीच दिसलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही.”

खिडकीपाशी सलोनीच्या हाताची घडी सुटली.

“पण मी बाण लावला असता तर खालचा चौकोन मला दिसला असता. अकरा वर्षं मी हेच शिकवते. हे ज्यानं केलं त्याला पंप कळतो, फ्लोचार्ट कळत नाही.” एवढं बोलून ती थांबली. शेवटचा चौकोन फळ्यावर रिकामा होता आणि खडू तिच्या हातात नुसता फिरत होता.

डोंगरसिंगला निम्मंशिम्मं कळलं होतं. सत्कार नाही हे तर केव्हाच कळलं होतं. तो उठून उभा राहिला.

“थो बाण म्या लावला, सर. काई चुकलं का?”

सदाशिवरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वयाचा मान ठेवून बोलले, पण बोलले. “बाबा, दुसऱ्याच्या चार्टाला हात का लावला तुम्ही? ती सलोनी मॅडमची मेहनत होती.”

“दुसऱ्याच्या?” म्हातारा म्हणाला.

त्यानं सलोनीकडे पाहिलं, मग पोरीकडे. पोरीच्या तोंडावर जे होतं ते त्यानं वाचलं. त्याला चौथीपर्यंतच वाचायला शिकवलं होतं, पण हे वाचायला तेवढं पुरलं. उज्ज्वलाला दिसलं, त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी खाली बसलं. आणि मग तिच्या देखत, सत्तरीचा तो माणूस, ज्यानं तांड्यावर कधी कुणापुढे मान वाकवली नव्हती, तो खोटं बोलायला लागला.

“म्हातारपण हाये, सर. कोणाचा हाये थे नाई इचारलं म्या. दिसलं, अन् हात लावला. पोरीले काईच माहीत नाई. माफी द्या.” आणि त्यानं हात जोडले.

सदाशिवराव लगेच विरघळले. असू द्या बाबा, बसा, असू द्या, असं म्हणत त्यांनी फाईल मिटली. शीला मॅडमनी डोळे पुसले. गोष्ट मिटली होती. लखन सुटला, उज्ज्वला सुटली, लॅब तिचीच राहिली. तिनं फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तिला छान जमत होतं.

तिनं खडू टेबलावर ठेवला.

“सर, ते खोटं सांगतायत. मी त्यांना सांगितलं होतं की चार्ट माझा आहे. काम सलोनीला दिलं हे मला घरी सांगवेना. मी तिच्यावर जळत होते. बाला वाटलं पोरीची चूक झाली, म्हणून त्यांनी दुरुस्त केली. हात जोडायचे तर मी जोडायला पाहिजेत.”

डोंगरसिंग खुर्चीत बसला आणि आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. सलोनीनं एकच विचारलं.

“तुम्हाला बुधवारी दिसलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही मला ‘छान झालंय’ म्हणालात.”

“हो.”

सलोनी ताडकन निघून गेली. उज्ज्वलानं पर्समधून लॅबची किल्ली काढली आणि कुणी मागायच्या आत सदाशिवरावांच्या फाईलवर ठेवली. त्यांनी ती उचलून खणात टाकली. नाही म्हणाले नाहीत.

मागे वळून पाहिलं तर बा खुर्चीत नव्हता. तिला वाटलं, गेला, बसस्टँडवर गेला. ती धावत व्हरांड्यात आली, तर लॅबमधून त्याचा आवाज येत होता.

तो चार्टसमोर उभा होता, सलोनीच्या शेजारी. आपला बाण सोडवायला आला असणार. पण टेपवर बोट ठेवून दोघं वाद घालत होते. सलोनी सांगत होती की बाबा, इथं आणलं की पुन्हा पहिल्या सरीवर जातं. बा म्हणत होता, काहून जाते, माणूस येडा हाये का भरल्या सरीवर जायले? सलोनी म्हणाली, बाबा, ही पाटी आहे, हिला तुमच्यासारखं आठवत नाही. बा त्यावर हसला. चक्क हसला. तिला म्हणाला, तुह्या बापाचा पंप कुठला? ती म्हणाली, वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान होतं, पंप मी पुस्तकात पाहिला. तो म्हणाला, मंग ये एक दिवस वावरात, दाखवतो.

उज्ज्वला उंबऱ्यावर उभी होती. तिला वावरात ये असं तो कधी म्हणाला नव्हता, म्हणायची गरजच कधी पडली नव्हती. ती पुन्हा जळायला लागली, पहिल्याइतकीच लखलखीत. आता सगळं बोलून झालं, माणूस धुवून निघालं, असं कुणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे.

आणि नेमकं तेव्हाच तिला उत्तर दिसलं. अगदी सोपं. ते दोघं उद्या संध्याकाळपर्यंत झगडले असते आणि यादी यवतमाळहून पुढं गेली असती. कुणाला कळलंही नसतं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. जरा वेळ म्हणण्यापेक्षा थोडा जास्तच.

मग आत गेली.

“वरचे दोन चौकोन अदलाबदल करा,” ती सलोनीला म्हणाली. “आधी पहिल्या सरीवर या, त्याखाली पंपात पाणी भरा. बाचा बाण पाणी भरण्यावरच राहू द्या, फक्त त्याच्यासोबत एक चौकोन खाली घ्या. तो बरोबर आहे.”

सलोनीनं काठी उचलली आणि दोन्ही चौकोन अदलले आहेत असं धरून चार्ट चालवला. चिठ्ठ्यांच्या डब्यात हात घातला, लाईन गेली, थांबा, पाणी भरा, मोटार चालू करा, आणि काठी तिसऱ्याच सरीवर राहिली. पुन्हा लाईन गेली, पुन्हा पाणी भरलं, सरी तीच. ती शेवटपर्यंत चालवत गेली आणि पंचविसाव्या सरीवर थांबली.

डोंगरसिंगनं पोरीकडे पाहिलं नाही. तो चार्टपासून एक पाऊल बाजूला सरला, तिच्यापुरती जागा केली.

“लाव मंग,” म्हणाला.

उज्ज्वलानं नखानं वरच्या कागदी पट्टीची कड उचलली आणि फाटू नये म्हणून सावकाश सोडवायला लागली.